त्रेचाळीस दात

सात डिसेंबर. काकांचं गॅरेज रिकामं करणे.

डायरीत एवढंच लिहिलं होतं. सकाळी साडेनऊला मी किल्ली, हातमोजे आणि चार रिकामी पोती घेऊन छावणीच्या कडेच्या त्या घरापाशी पोचले. काका माझे नात्याने कोणी नव्हते. वीस वर्षांपूर्वी मी लखनऊला वनस्पतींच्या एका संशोधन संस्थेत लागले, तेव्हापासूनचे घरमालक. अकरा वर्षं मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिले. मग वृंदावन योजना नावाच्या लांबच्या वसाहतीत स्वतःचं घर घेतलं, पण रविवारचं त्यांच्याकडे जाणं सुटलं नाही. ऑक्टोबरात ते गेले. शहाऐंशी वर्षांचे होते. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. एवढं सोपं मरण क्वचित कोणाला मिळतं, त्यामुळे मी त्याबद्दल फार काही लिहिणार नाही.

घर विकलं गेलं आहे. काकांची मुलगी बंगळुरूला असते. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत देते. गॅरेजमधल्या जीपचं काय करायचं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "दीदी, आप ही देख लीजिए. मैं तो उसे चलाना भी नहीं जानती." मी पाहिलं, म्हणजे भंगारवाल्याशी बोलले. तो आठ तारखेला सकाळी दहाला क्रेन घेऊन येणार, जीप उचलून नेणार आणि तिचे तुकडे करणार होता. काही विचार बदलला तर आदल्या संध्याकाळी सातपर्यंत कळवा, असं त्याने सांगितलं होतं. विचार बदलण्याचं कारण मला दिसत नव्हतं. गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी, एक लिटर पेट्रोलमध्ये आठ किलोमीटरही जात नाही, आणि तिचे सुटे भाग शोधणारा माणूस आता नाही.

बाहेर दाट धुकं होतं. गॅरेजचं दार ढकललं तर धुकं माझ्याआधी आत शिरलं. जीप त्यात चाकांपर्यंत बुडाली. पाण्यात उभी असल्यासारखी दिसत होती. मी दिवा लावला आणि कामाला लागले.

खोली बघायला मी पहिल्यांदा आले तेव्हाही आधी हे गॅरेजच लागलं. माझं गाव, आडनाव, मी काय खाते, घरी कोण कोण येणार, यातलं मला काहीही विचारण्यात आलं नाही. जीपखालून दोन पाय बाहेर आलेले होते आणि आतून मराठीत आवाज आला, "बॅटरी धरता येते का?"

मी म्हटलं, येते.

"न हलवता?"

मुलाखतीची साडी नेसून मी पंचवीस मिनिटं उकिडवी बसले आणि एका काळ्या नटावर उजेड धरून ठेवला. नट निघाला. काका बाहेर आले, चष्मा पुसला, माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाले, "अच्छा. मग सामान कधी आणताय?" 'अच्छा' म्हटल्याशिवाय त्यांचं मराठी वाक्य सुरू होत नसे. मूळचे सांगलीकडचे, पण रेल्वेत पुलांचे इंजिनियर म्हणून सगळी नोकरी या भागात झाली आणि निवृत्तीनंतर ते इथेच राहिले. पुढे त्यांनी मला सांगितलं की आधी येऊन गेलेल्या तीन जणांचे हात हलत होते. बाकी माणसं चांगली होती.

ती जीप त्यांनी सैन्याच्या लिलावात घेतली होती. चारही चाकांना ताकद पोचवता येते, अशी. ड्रायव्हरच्या सीटजवळ एक वेगळा दांडा असतो. एरवी इंजिन फक्त मागची चाकं फिरवतं. तो दांडा ओढला की पुढचीही फिरायला लागतात आणि गाडी चिखलातून, वाळूतून निघते. असल्या गाड्या आता बनत नाहीत आणि त्यांचे भाग दुकानात मिळत नाहीत. ते भंगाराच्या गल्लीत मिळतात, आणि मागितले म्हणून मिळत नाहीत.

मागायचं कसं, हे काकांचं स्वतःचं शास्त्र होतं. दर गुरुवारी ते तुटलेला भाग मलमलच्या कपड्यात गुंडाळून पिशवीत घालत आणि गल्लीत एका जुन्या दुकानदाराकडे जात. हा दुकानदार मे महिन्यातही लोकरी टोपी घालायचा. तिथे आधी चहा, मग हवापाण्याची चौकशी, मग दुकानदाराच्या गुडघ्याची चौकशी. मग काका पिशवीतून भाग काढून कपड्यासकट समोर ठेवत आणि दुसरीकडे बघत. लग्नाची पत्रिका दाखवतात तसं. दुकानदार तो उलटासुलटा करून पाही. "नहीं है" असं तो कधीच म्हणत नसे. लखनऊत तसं कोणी म्हणत नाही. तो म्हणे, "नज़र में रखेंगे, इंजीनियर साहब." एका तीन इंची दांडीसाठी दोन वर्षं असं नजरेत ठेवणं चाललं होतं. मी एकदा म्हटलं, काका, फोन नंबर देऊन या, मिळालं की कळवतील. ते म्हणाले, "फोन केला की माणूस फक्त वस्तू शोधतो."

उभ्या गाडीचं काही काढायचं नाही, हा त्यांचा आणखी एक नियम. गल्लीत मोडायला आलेली गाडी चाकांवर उभी असेल तर तिच्यातला हवा तो भाग डोळ्यांसमोर असला तरी ते हात लावत नसत. चाकं काढून ती विटांवर ठेवली गेली की मग. त्यानंतरही आधी विचारायचं, गाडी कोणाची होती, काय करायची. दुकानदाराला ठाऊक असेल ते तो सांगे, नसेल तर रचून सांगे. काका ते पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहीत आणि तो तुकडा सुतळीने त्यांच्या जीपमधून निघालेल्या जुन्या भागाला बांधून डब्यात ठेवत. काय निघालं, त्या जागी काय बसलं, कोणाकडून आलं.

ते डबे आता माझ्यापुढे होते. बिस्किटांचे, तुपाचे, रंगाचे. पोत्यात टाकण्याआधी मी एकेक चिठ्ठी वाचत गेले, आणि हीच चूक झाली. वाचायला घेतलं की हात मंदावतात. स्टिअरिंग जंगल खात्याच्या गाडीचं. रेडिएटर एका दूधवाल्याचा, 'दोन मुलींची लग्नं हिच्यावर.' हॉर्न लग्नाच्या बँडवाल्याचा. हा हॉर्न मंगल कार्यालयापुढून जाताना आपोआप वाजतो, असं काका म्हणत. मी विज्ञान शिकलेली बाई आहे. वायरिंग कुठेतरी टेकत असणार. पण तो वाजायचा, हे खरं आहे.

त्यांच्या मते जीपला हे सगळं आठवायचं. इंजिन चालू करून, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर ठेवून मूठ कानाला लावून ते ऐकत बसत. मेकॅनिक लोक बेअरिंग ऐकायला असं करतात, त्यात विशेष काही नाही. काका मात्र अर्धा तास ऐकत आणि शेवटी "आज जंगलातलं बोलतेय" असं काहीतरी सांगून उठत. मी वर पोळ्या करायला जाई.

दुपारी तीन ते चार मात्र इंजिन बंद. गॅरेजचं दार अर्धं ओढून घेतलेलं, फटींमधून उन्हाच्या पट्ट्या बॉनेटवर पडलेल्या, आणि काका ड्रायव्हरच्या सीटवर. हात स्टिअरिंगवर. ते प्रवासाला जात. गिअर खरे बदलत, क्लच खरा दाबत, वळणावर खरे वळत. गाडी जागेवरच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारपणाचं काही सुरू झालं. तसं काही नव्हतं. चारला उतरत, चहा घेत आणि वर्तमानपत्रातल्या चुका दाखवत.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसायला सांगितलं. मी बसले, कारण त्या बाजूला पंखा होता. मला स्वप्नं पडत नाहीत. पडली तरी सकाळी आठवत नाहीत. पण काका हळू आवाजात रस्ता सांगायला लागले की मला दिसायचं. बाराबंकी मागे पडलं. मोहरी फुललीय, दोन्ही बाजूंना. त्या झाडाखाली उसाच्या रसवाल्याची बैलगाडी, हॉर्न नको. आता सारस बघ, जोडी आहे. मी खरंच डावीकडे मान वळवायची. मग रस्ता संपायचा आणि घाघरेचं पात्र यायचं. हिवाळ्याच्या शेवटी नदी आटून एका कडेला जाते आणि मैलोन्‌मैल पांढरी वाळू उघडी पडते. मधोमध बेटासारखा उंचवटा. तिथे माणसं चार महिने झोपड्या बांधून राहतात आणि वाळूत खड्डे करून काकड्या, खरबुजं लावतात. पुलाच्या पाहणीसाठी काका तरुणपणी सरकारी जीपने त्या बेटावर गेले होते. एका म्हातारीने त्यांना काकडी दिली होती. ती म्हणाली होती, वापस आना. झालं एवढंच. पण चार वर्षांनी बदली, मग दुसरा पूल, मग तिसरा. स्वतःच्या जीपने वाळू ओलांडून त्या बेटावर एकदा जायचं, यासाठी त्यांनी ही गाडी घेतली होती. बाकी सगळी देखभाल, सगळे गुरुवार, सगळे डबे त्या एका फेरीसाठी.

वाळू आली की ते थांबत, तो दुसरा दांडा ओढत, "चारही" असं म्हणत आणि मग हळूहळू, गिअर न बदलता, पलीकडे. मी कडेचा बार धरून बसायची. जागच्या जागी उभ्या गाडीत.

आता माझ्याबद्दलची गोष्ट. ती टाळून हे लिहिता येणार नाही.

आम्ही दोघं एका रविवारी खरोखरच जायचं ठरवत होतो. जानेवारी होता. मला गाडी चालवता येत होती. काकांनी छावणीतल्या रिकाम्या रस्त्यांवर सकाळी सकाळी शिकवली होती, डबल क्लचसकट. पण पुढच्या ॲक्सलमधून कडकड आवाज यायला लागला. उघडून पाहिलं तर आतलं क्राउन, म्हणजे ताटाएवढं दातेरी चक्र, चार ठिकाणी तुटलेलं. ते आणि त्याला फिरवणारं छोटं पिनियन अशी जोडीच बदलावी लागते. नेमकं त्याच आठवड्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी. म्हणून मी गल्लीत गेले.

निघताना त्यांनी मला खडूचा तुकडा दिला. "दात मोजायचे," ते म्हणाले. "पहिल्या दातावर खडूने खूण कर आणि तिथून मोज. पिनियनला आठ, क्राउनला त्रेचाळीस. एकोणचाळीसचंही येतं. दिसायला सेम टू सेम. ते नको." का नको, तेही सांगितलं. मागच्या ॲक्सलमध्ये त्रेचाळीसचं आहे. पुढे एकोणचाळीसचं बसलं तर एरवी काही कळणार नाही, गाडी वर्षानुवर्षं चालेल. पण दांडा ओढून चारही चाकं जोडली की पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त फिरू पाहणार, गाडी स्वतःशीच भांडणार आणि मधला गिअरबॉक्स फुटणार. वाळूत मधोमध.

मला सगळं समजलं होतं. मी संस्थेत दिवसभर मोजण्याचंच काम करते. रुजलेली बियाणी, न रुजलेली बियाणी. पण त्या दिवशी अकराला माझी मीटिंग होती, क्राउन ग्रीसने बरबटलेलं होतं आणि अंगावर नवीन शाल होती. दुकानदार म्हणाला, "डॉक्टर साहिबा, वही है. गिनना क्या." मी पिनियनचे आठ मोजले. क्राउनकडे पाहिलं, ते बरोबर दिसलं, रिक्षात ठेवलं आणि निघाले.

घरी आल्यावर काकांनी विचारलं, "दात मोजलेस का?"

"मोजले. त्रेचाळीस."

"अच्छा," म्हणाले, आणि गाडीच्या मिस्त्रीला निरोप पाठवला. मिस्त्रीने बसवण्याआधी मोजायला हात पुढे केला तेव्हा काकांनी त्याला थांबवलं. गिन लिया है, म्हणाले. हा त्यांचा रेल्वेतला नियम. पलीकडच्या स्टेशनाने लाइन मोकळी आहे म्हणून सांगितलं की गाडी सोडायची, जाऊन बघायचं नाही. "जाऊन बघायला लागलो तर एक गाडी चालणार नाही," ते म्हणत. मोजलेलं पुन्हा मोजणं म्हणजे समोरच्याला खोटं पाडणं.

आवाज गेला. गाडी उत्तम चालायला लागली. पट्टी निघाली. मी ते विसरून गेले. तीन-चार गोष्टी मात्र तेव्हा दिसल्या आणि मी त्या विक्षिप्तपणाच्या खात्यात टाकून मोकळी झाले. त्यांच्या विक्षिप्तपणात आणखी काहीही सहज मावत असे.

पहिली अशी. पंधराएक दिवसांनी मी संस्थेतून घरी आले तर जीपची पुढची दोन्ही चाकं विटांवर उचललेली होती. टायरवर खडूची एक उभी रेघ. काका खाली आडवे होऊन पिनियन फिरवणारा शाफ्ट हाताने हळूहळू फिरवत होते आणि पुटपुटत होते. मी विचारलं, काय चाललंय. "काही नाही. बघतोय," म्हणाले. मी वर गेले.

दुसरी अशी. त्या आठवड्यात ते रिक्षा करून चौक या जुन्या बाजारात गेले आणि एका कारागिराकडून चिकनकाम केलेली पांढरी टोपी शिवून घेऊन आले. डोक्याची नव्हे. त्या दुसऱ्या दांड्याची. नारिंगाएवढी टोपी, तिच्यावर बारीक वेलबुट्टी, खाली नाडी. दांड्याच्या मुठीवर ती त्यांनी चढवली आणि नाडीला दुहेरी गाठ मारली. मी पुष्कळ हसले. म्हटलं, थंडी वाजते का त्याला. ते म्हणाले, "आता त्याला आराम."

तिसरी गोष्ट मला सगळ्यात कमी कळली. दुपारचे प्रवास चालूच होते. मोहरी, रसवाला, सारस, सगळं तसंच. पण वाळू आली की काका थांबत. हात टोपीवर ठेवत. थोडा वेळ तसेच बसत. मग म्हणत, "इथून पुढे पायी जाऊ." आणि आम्ही गॅरेजमध्ये जीपमधून उतरत असू.

खरी फेरी त्या वर्षी झाली नाही. पुढच्या वर्षीही नाही. दर फेब्रुवारीत तयारी व्हायची. दोर, फावडं, चाकाखाली घालायच्या फळ्या, थर्मास. रविवार ठरायचा. आणि आदल्या दिवशी काका म्हणायचे, यंदा पाणी जास्त आहे. पाचव्या की सहाव्या वर्षी माझा संयम संपला. मी तोवर वृंदावन योजनेत राहायला गेले होते, सकाळी सहाला उठून पराठे करून इतक्या लांब आले होते. त्या भागात आमच्या संस्थेचं शेत आहे. तिथल्या माणसाला मी मुद्दाम फोन करून विचारलं होतं. नदी पार कडेला गेलीय, म्हणाला. मी काकांना तसं सांगितलं.

"मग वाळू मऊ असेल," काका म्हणाले.

"काका, तुम्हाला जायचंच नाही. तुम्हाला नुसतं बसून फिरायला आवडतं. मग आम्हाला कशाला कामाला लावता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही नाही.

"असेल," म्हणाले. "पराठे कसले आहेत?"

पराठे मेथीचे होते. आम्ही ते जीपमध्ये बसून खाल्ले, दार अर्धं ओढून. त्यानंतर मी फेब्रुवारीचा विषय काढला नाही, त्यांनीही नाही.

तर, सात डिसेंबर. दुपारी तीन वाजता तीन पोती भरली होती. शेवटचा डबा सगळ्यात जड, तुपाचा पंधरा किलोचा, फळीच्या अगदी मागे. त्यात मलमलीत गुंडाळलेलं ते तुटकं क्राउन होतं. ग्रीस पुसून स्वच्छ केलेलं. सुतळी, पुठ्ठा, काकांचं अक्षर. बाकी चिठ्ठ्यांवर गाडीची हकिगत असायची, दूधवाला, बँडवाला. हिच्यावर तीन ओळी होत्या.

'निघाले ४३.
बसले ३९.
वाळूत नेऊ नये.'

खाली तारीख. क्राउन बसवल्यानंतरची, बरोबर सोळा दिवसांनी. 

मी उलटलेल्या बादलीवर बसले. दमले होते म्हणूनही बसले. मग हिशेब आपोआप लागत गेला. विटांवरची चाकं. टायरवरची रेघ. चाक एकदा फिरायला शाफ्टचे फेरे किती लागतात, ते काका मोजत होते. त्रेचाळीसला आठाने भागलं तर पाच फेरे पुरे होऊन वर थोडं यायला हवं. त्यांचे पाच भरायच्या आधीच रेघ परत खाली आली असणार. न उघडता, न कोणाला विचारता त्यांना कळलं होतं.

दुसरं क्राउन आणून बसवता आलं असतं. पण त्यासाठी मिस्त्रीला बोलवावं लागलं असतं, ॲक्सल पुन्हा उघडावा लागला असता. मिस्त्रीने दात मोजले असते, आणि पुढच्या गुरुवारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं असतं की डॉक्टर साहिबांनी न मोजता मोजले म्हणून सांगितलं. मलाही कळलं असतं. म्हणून त्यांनी दांड्याला टोपी शिवली. माझ्या हसण्यासकट ते अकरा वर्षं तसंच ठेवलं. की त्यांनाच ते बेट दुरूनच बरं वाटत होतं, आणि माझ्या खोट्याने त्यांना निमित्त मिळालं? तेही शक्य आहे. मला ठाऊक नाही आणि आता विचारायला कोणी नाही.

एक मात्र मला ठाऊक आहे. बंद इंजिनाच्या, जागेवर उभ्या गाडीत, डोळे मिटून, जिथे काहीही चाललं असतं, तिथेही त्यांनी तो दांडा ओढला नाही. चुकीचं क्राउन घेऊन ते कल्पनेतसुद्धा वाळूत उतरले नाहीत. सोबतीला मी होते.

तीन वाजून गेलेच होते. मी जीपमध्ये चढले आणि ते गेल्यानंतर पहिल्यांदा त्यांच्या सीटवर बसले. धुक्यामुळे उन्हाच्या पट्ट्या नव्हत्या, नुसता पांढरा उजेड होता, दारातून आत आलेला, बॉनेटपासून पुढे काहीच दिसू न देणारा. ते सगळं वाळूसारखं दिसत होतं. मी क्लच दाबला. पहिला, दुसरा. बाराबंकीपर्यंत नीट गेले. मोहरी मला एकटीला नीट दिसली नाही, पण सारस दिसले. मग पांढरं आलं. मी थांबले. टोपीची नाडी सोडायला गेले तर गाठ इतकी घट्ट की नख मोडलं. सोडली नाही. उतरले, चौथं पोतं भरलं, चिठ्ठी आणि तुटकं क्राउन वेगळं ठेवलं.

सव्वासहाला भंगारवाल्याला फोन केला. येऊ नका म्हटलं. त्याने लगेच फोन ठेवला. असे फोन त्याला नेहमी येत असावेत. मुलीला कळवलं की जीप माझ्या घरासमोर आणून ठेवते, कागद माझ्या नावावर कर. ती विचारायला लागली, "आप करेंगी क्या उसका?" मी म्हटलं, "चालवणार." तिने "ठीक है" म्हटलं. मग म्हणाली, "पापा की वो टोपी मत हटाइएगा." मी म्हटलं, काम झालं की काढणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तुटकं क्राउन मलमलीत गुंडाळून पिशवीत घातलं, जुना स्वेटर घातला आणि गल्लीत गेले. लोकरी टोपीवाला दुकानदार अजून आहे. आधी चहा घेतला. धुक्याबद्दल बोललो. गुडघ्याची चौकशी केली. आता दोन्ही दुखतात. काका गेल्याचं त्याला माहीत होतं. त्याने दोन्ही हात उघडून मनातल्या मनात काहीतरी म्हटलं, मी थांबले. मग पिशवीतून क्राउन काढून समोर ठेवलं आणि रस्त्याकडे बघत बसले.

अर्ध्या तासाने तो आतून एक जोडी घेऊन आला. कपड्याने पुसली. "इंजीनियर साहब वाली ही है, डॉक्टर साहिबा. इसमें गिनना क्या."

मी पर्समधून खडू काढला. पहिल्या दातावर खूण केली आणि मोठ्याने मोजायला सुरुवात केली. मराठीत. खुणेपाशी परत आले तेव्हा एकोणचाळीस भरले होते.

हात ग्रीसने काळे झाले होते. क्राउन त्याच्याकडे सरकवलं आणि म्हटलं, "दूसरा दिखाइए."